हळदीच्या बेण्याविषयीं एक प्रश्न

गेल्या फाल्गुनांत रिसोड तालुक्यांतील एका गांवीं सायंकाळची उपासना आटोपल्यावर मंडळींतील एक शेतकरी बंधु मागें थांबला. इतर लोक निघून गेले, दिवे मालवावयाची वेळ झाली, तरी त्याचा पाय निघेना. शेवटीं तो म्हणाला, "पाळकसाहेब, शेजाऱ्यानें विचारलें तर मी खोटें बोलणार नाहीं. पण त्यानें विचारलेंच नाहीं, तर मीं आपण होऊन सांगितलें पाहिजे काय?"

प्रकरण असें होतें. ह्या बंधूची दोन एकर हळद आहे. मागील भाद्रपदांत पाऊस लागून राहिला व नाल्याकडील सखल कोपऱ्यांत पाणी तुंबलें. तेथील झाडांचीं खालचीं पानें कडेनें पिवळीं पडत गेलीं, खोड बुडाशीं मऊ झालें, आणि हात लावतांच झाड उपटून येऊं लागलें. गड्ड्यास घाण सुटली होती. ज्यानें हळद केली आहे त्यास हें कंदकुजीचें लक्षण निराळें सांगावयास नको. बंधूनें चर खणून पाणी काढून दिलें, कुजलेलीं झाडें उपटून शेताबाहेर लांब पुरलीं, औषध ओतलें, आणि बाकीचें शेत वांचलें. फाल्गुनांत हळद काढली तेव्हां गड्डे टणक व दिसावयास चांगले निघाले. त्याचा शेजारी मंडळींतला नव्हे. परंतु त्याच्याच विहिरीचें पाणी ह्यानें दोन उन्हाळे घेतलें आहे. हा शेजारी पावसाळाभर मुलाकडे पुण्यास होता, त्यामुळें तो कोपरा त्याच्या दृष्टीस पडला नाहीं. त्याला प्रथमच एक एकर हळद लावावयाची होती, आणि त्यानें 10 क्विंटल बेणें चालू भावानें मागितलें होतें.

त्या रात्रीं मीं उत्तर दिलें नाहीं. उत्तर ठाऊक नव्हतें असें नव्हे. परंतु "सांग" एवढा एक शब्द उच्चारून घरीं जावें, इतका तो प्रश्न मला लहान वाटला नाहीं. ज्याचें वर्षाचें उत्पन्न त्यांत गुंतलें आहे, त्याला आज्ञेबरोबर कारणही समजलें पाहिजे. तें कारण शोधतांना मला प्रथम हळदीकडेच पाहावें लागलें.

आमच्या वाशीम जिल्ह्यांत सोयाबीन व तूर हीं मुख्य पिकें. तरी विहिरीच्या व ठिबकाच्या आधारानें रिसोड, मालेगांव ह्या भागांत हळद होते. पलीकडे हिंगोली जिल्ह्यांत वसमतच्या हळदीस तर 2024 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. 2023 च्या पावसाळ्यांत हळदीचे भाव एकाएकीं चढले, आणि ज्यानें कधीं हळद केली नव्हती तोही बेणें शोधूं लागला. सोयाबीनचें बीं दुकानांतून पिशवींत बंद केलेलें आणतां येतें. पिशवीवर उगवणशक्तीचा आंकडा छापलेला असतो. हळदीचें बेणें बहुधा कोणाच्या तरी शेतांतून येतें, आणि त्यावर कांहींच छापलेलें नसतें.

असें कां, तें त्या झाडाच्या प्रकृतींत आहे. हळदीस फूल येतें. पावसाळ्याच्या अखेरीस पानांमधून पांढुरका तुरा डोकावतो. परंतु त्यांत बीं धरत नाहीं. शास्त्रज्ञ सांगतात कीं, हिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असावयाचे ते तीन आहेत. तिहींची सारखी वांटणी होत नाहीं, म्हणून बीज बनत नाहीं. अर्थात् हळद गांवोगांव पसरली ती वाऱ्यानें नव्हे किंवा पांखरांनींही नव्हे, माणसाच्या हातानें. गव्हाचा दाणा जमिनींत पडून मरतो व मग पुष्कळ पीक येतें, हा प्रभूचा दृष्टांत आपण अनेकदां ऐकला आहे. हळदीची गोष्ट थोडी निराळी आहे. येथें निराळा जीव जन्मास येत नाहीं. जुनाच वाढत जातो. सेलम जातीची हळद तमिळनाडूंतील सेलमचें नांव घेऊन इकडे आली. ती ज्यांनीं हातोहात आणली त्यांच्या गड्ड्याचाच एक अवयव आज तुमच्या वाफ्यांत आहे.

हळद खणतांना नीट पाहा. मध्यें जेठा गड्डा असतो. त्याच्या अंगाला बगल गड्डे व हळकुंडें फुटलेलीं असतात. आणि त्यांच्यांतच एक सुरकुतलेला, काळवंडलेला कंद चिकटलेला सांपडतो. त्याला शेतकरी सोरा गड्डा म्हणतात. वैशाखांत आपण लावला तो हाच. नऊ महिने ज्यानें ह्या साऱ्या गोतावळ्यास पहिला घांस दिला, तो नाहींसा झालेला नसतो; त्यांच्याच कुशींत असतो. पुढील बेण्यासाठीं जेठा गड्डा निवडतात: 50 ग्रॅमहून अधिक वजनाचा, डोळे फुगलेला, मुळ्या काढलेला. तो सांवलींत पाल्याखालीं झांकून दोन-अडीच महिने विसावतो, आणि अक्षय्य तृतीया उलटली कीं पुन्हां मातींत जातो.

काश्मिरांत व युरोपांत आयरिस नांवाचें जांभळें फूल होतें. तेंही असेंच कंदापासून वाढवितात, आणि काश्मिरांत तें कबरींवर लावण्याची चाल आहे. परंतु तेथें रीत उलटी. तीन-चार वर्षांनीं जुना ठोंब खणावयाचा, मधला म्हातारा भाग फेंकून द्यावयाचा, कडेचे कोंवळे फुटवे तेवढे ठेवावयाचे; आणि लावतांना कंदाची पाठ मातीबाहेर उघडी ठेवावयाची, म्हणजे तिला ऊन लागतें. नासकें असेल तर तें माळ्याला चालतां चालतां दिसतें. आमच्या हळदीस मात्र भरणी द्यावी लागते. कंद उघडा राहिला तर कंदमाशी त्यावर अंडीं घालते. हें झांकून ठेवावयाचें पीक आहे. जगाला दिसतें तें पान, आणि माल सारा खालीं.

म्हणून जो सोयाबीनचें बीं विकतो त्याच्यांत व जो हळदीचें बेणें देतो त्याच्यांत मला भेद वाटतो. बेणें देणारा आपल्या शेताचा एक तुकडाच दुसऱ्याच्या शेतांत नेऊन ठेवतो. कंदकुजीची बुरशी सालीवर, डोळ्याच्या खांचेंत, चिकटलेल्या चिमूटभर मातींत बसून प्रवास करते. काळ्या भारी जमिनींत पाणी तुंबलें कीं जागी होते. आणि एकदां त्या जमिनींत शिरली म्हणजे सहजासहजीं निघत नाहीं. 10 क्विंटल बेणें म्हणजे सुमारें 20,000 गड्डे. त्यांतले किती निर्दोष व किती सदोष हें डोळ्यांनीं कोण सांगणार? आणि शेजाऱ्याचें पीक बरें आलें, तर पुढील वर्षीं तोही बेणें देईल. तो खोटें बोलणार नाहीं. कारण त्याला ठाऊकच नसेल. आयर्लंडांत 1845 सालीं बटाट्यावर करपा पडला, तेव्हां तेथील गरीब लोक बहुतेक एकाच जातीच्या बटाट्यावर जगत होते. तोही कंदापासूनच लावतात, म्हणून शेतोशेतीं एकच झाड पुन्हां पुन्हां उभें होतें, आणि रोगट कंदांतून रोग एका वर्षांतून दुसऱ्यांत गेला. पुढील सात वर्षांत सुमारें 10 लक्ष माणसें भुकेनें व भुकेमागून आलेल्या रोगांनीं मेलीं. तेथें कोणीं कोणापासून कांहीं लपविलें असें मी म्हणत नाहीं. त्या काळीं रोगाचें कारणच लोकांस ठाऊक नव्हतें. आमच्या बंधूला तें ठाऊक आहे, आणि सारी अडचण तेथेंच आहे.

बंधूचा प्रश्न मात्र हळदीहून जुना आहे. ख्रिस्तापूर्वीं 44 सालीं रोम येथील सिसरो ह्यानें आपल्या मुलासाठीं कर्तव्यांविषयीं ग्रंथ लिहिला. त्यांत त्यानें एक प्रसंग घातला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. आलेक्सांद्रियाहून एक व्यापारी धान्याचें तारू घेऊन येतो. मागून आणखी तारवें येत आहेत हें त्यानें वाटेंत पाहिलें आहे. त्यानें तें गिऱ्हाइकांस सांगावें, कीं गप्प राहून चढ्या भावानें माल विकावा? डायोजिनीस नांवाच्या गुरूचें मत असें कीं, कायद्यानें जे दोष सांगावयास लावले आहेत ते सांगावे, बाकी खोटें न बोलतां मिळेल तो भाव घ्यावा. न सांगणें निराळें व लपविणें निराळें. त्याचाच शिष्य अँटिपेटर ह्याचें मत उलट: माणसें परस्परांशीं बांधलेलीं आहेत, म्हणून विकणाऱ्यास जें ठाऊक आहे तें घेणाऱ्यासही ठाऊक असावें. सिसरोनें शिष्याच्या बाजूनें निवाडा दिला.

मला विचाराल तर गुरूचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हे. त्या व्यापाऱ्याचें धान्य चांगलें होतें. भाव उद्यां उतरेल कीं चढेल ही बातमी जो तो बाजारांत शोधीत असतो. ती आपण होऊन सांगितली तर मोठें मन, न सांगितली तर लगेच त्यास चोर म्हणवत नाहीं. परंतु आमच्या बंधूचें गुपित भावाविषयीं नाहीं. तें मालाच्या पोटांत आहे. सिसरोनें त्याच ठिकाणीं दुसरें एक उदाहरण दिलें आहे: घराचीं लांकडें कुजलीं आहेत, तें राहावयास अपायकारक आहे, हें धन्याशिवाय कोणास ठाऊक नाहीं, आणि तो तें विकावयास काढतो. हळदीचें बेणें त्या घरासारखें आहे, ऱ्होड्सच्या धान्यासारखें नाहीं.

पवित्र शास्त्रांत ह्याविषयीं दोन ठिकाणें मला फार उपयोगी वाटलीं. एक निर्गमाच्या 21 व्या अध्यायांतील मारक्या बैलाचें. बैलानें पहिल्यानेंच कोणास मारलें तर धनी निर्दोष. परंतु तो मारका आहे हें धन्यास पूर्वीं कळविलेलें असतांही त्यानें त्यास आवरलें नाहीं, तर धन्यावर दोष येतो. बैल तोच, शिंग तेंच. फरक एवढाच कीं धन्यास ठाऊक होतें. म्हणून ज्यानें अजाणतां रोगट बेणें दिलें त्याला मी दोष देत नाहीं, आणि आमच्या बंधूस "तुला ज्यानें बेणें दिलें त्यानें तरी सांगितलें होतें काय?" असें म्हणून सुटतां येणार नाहीं.

दुसरें ठिकाण लेवीयाच्या 14 व्या अध्यायांत आहे, आणि उपदेशक लोक तें बहुधा वगळून पुढें जातात. घराच्या भिंतीस चट्टा दिसला तर धन्यानें स्वतः याजकाकडे जाऊन आपल्या घरांत असें कांहीं असावेंसें वाटतें, हें कळवावें असा तो नियम आहे. याजक शोधीत येत नाहीं, धन्यानें जावयाचें. आणि खात्री झाल्यावर नव्हे, संशय येतांच. आमचा बंधु मला म्हणाला होता, "गड्डे चांगले आहेत, रोग असेलच असें नाहीं." ह्या नियमापुढें तें म्हणणें टिकत नाहीं; कारण खात्री करण्याचें काम त्याचें एकट्याचें नाहीं, तें ज्याला धोका आहे त्याचेंही आहे. परंतु त्या नियमांत दयाही आहे. याजक आंत येण्यापूर्वीं घर रिकामें करूं देतात, म्हणजे आंतील सारें सामान अशुद्ध ठरूं नये. खरें सांगणाऱ्याचें जेवढें वांचवितां येईल तेवढें वांचवावें, असें नियमानेंच मनांत धरलें आहे. आम्ही मंडळींत कबुली मागतों, पण कबूल करणाऱ्याचें काय वांचवावें ह्याचा विचार फारसा करीत नाहीं.

चैत्रांत पुन्हां त्या गांवीं गेलों तेव्हां हें सारें मीं त्याच्यापुढें मांडलें. पंचांपैकीं एक वडील तेथें बसले होते. ते म्हणाले, "झांकली मूठ सव्वा लाखाची. घेणाऱ्यानें पारखून घ्यावें. गड्डा कापून पाहावयास कोण नको म्हणतो?" ह्यांत तथ्य आहे. निरोगी गड्डा कापला असतां आंत गर्द केशरी-पिवळा दिसतो, कुजका तपकिरी व काळपट. हातांत घेतला तर हलका व मऊ लागतो. परंतु जो प्रथमच हळद लावतो त्याला हें कोठून ठाऊक असणार? आणि नुकती शिरलेली कीड सुरीलाही दिसत नाहीं. दुसऱ्या एकानें सांगावें असेंच म्हटलें, पण त्याचें कारण निराळें होतें: पुढें उघडकीस आलें तर ख्रिस्ती लोकांचें नांव जाईल. हें कारण मला हलकें वाटतें. उघडकीस येण्याचा संभव नसता तर मग काय केलें असतें?

बंधु म्हणाला, "मी तर हेंच बेणें माझ्या शेतांत लावणार आहें. जें मी लावतों तेंच त्याला देतों." त्याचा सर्वांत बळकट मुद्दा हाच होता, आणि मला थोडा वेळ विचार करावा लागला. स्वतःस नको तें दुसऱ्यास देऊं नये, ही कसोटी तो उतरला होता. परंतु तो लावील तें जाणून लावील. गादीवाफा उंच करील, पाणी बेतानें देईल, भाद्रपदांत रोज बुडाशीं हात लावून पाहील. शेजारी तेंच बेणें निर्धास्तपणें लावील. दोघांच्या हातांत गड्डा एकच असला तरी दोघांस मिळालेली वस्तु एक नाहीं. आपल्याला कोणी बेणें दिलें असतें तर आपण केवळ तो गड्डाच मागितला असता, कीं त्याची हकिगतही? प्रभूनें शेजाऱ्याविषयीं जो नियम घालून दिला त्यानें ह्या ठिकाणीं विचारावयाचें तें हेंच.

येथें जरा बाजूस जाऊन उपदेशक बंधूंशीं बोलावेंसें वाटतें, कारण बेणें देण्याघेण्याचें काम तुमच्याकडे फार येतें. परगांवचे आईबाप सोयरीक ठरविण्यापूर्वीं तुम्हांस मुलाविषयीं विचारतात. मुलगा दारू पितो हें तुम्हांस ठाऊक असतें. ते विचारतात, "मुलगा उपासनेस येतो ना?" आणि तुम्ही म्हणतां, "येतो." तें खरें असतें. मग ती मुलगी त्या घरांत येते. अशीं दोन घरें मीं जवळून पाहिलीं आहेत, आणि त्यांपैकीं एकाविषयीं मलाच विचारलें होतें व मींच "येतो" म्हटलें होतें. तेव्हां मंडळींत पुरें होऊन सहा महिनेही झाले नव्हते. उगाच कोणाचें वाईट कां बोलावें, असें मनाशीं म्हटलें. मुलाच्या बापाचा रोष नको होता, हें त्यांतलें खरें. त्या मुलीनें मला कधीं बोल लावला नाहीं.

मीं हें त्या बंधूसही सांगितलें. तो कांहीं वेळ गप्प राहिला, आणि मग त्यानें विचारलें, "मग माझें बेणें कोण घेईल?" ह्याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. बेणें विकलें नाहीं तर जेठे गड्डे शिजवून, वाळवून विकावे लागतात; वाळून ते सुमारें पांचव्या हिश्शावर येतात, आणि त्यांस हळकुंडाएवढा भाव मिळत नाहीं. त्याच्यावर सोसायटीचें कर्ज होतें. सत्य सांगितल्यानें घर भरतें असें जे सांगतात त्यांनीं बाजाराच्या दिवशीं त्याच्याबरोबर बसून पाहावें.

तो गेला व त्यानें सांगितलें. शेजारी प्रथम रागावला. बाजारांत इसार देण्याच्या बेतांत असतांना हें आतां कां सांगतोस, असें म्हणाला. मग त्यानें तो कोपरा पाहूं मागितला. दोघांनीं मिळून वरच्या अंगाच्या ढिगांतून पन्नासेक गड्डे कापून पाहिले. शेजाऱ्यानें त्या ढिगांतून 6 क्विंटल घेतलें, तेंही भाव थोडा पाडून. उरलेलें दुसऱ्या गांवाहून आणलें. आठ दिवसांत बातमी पसरली आणि आणखी दोघांनीं बेणें सांगून ठेवलें होतें ते फिरकले नाहींत. बाकीचें त्यानें शिजविलें. कर्जाचा एक हप्ता थकला आहे.

दोघांनीं वैशाखांत एकाच आठवड्यांत लागवड केली. बंधूनें नाल्याकडील कोपऱ्यांत ह्या वर्षीं हळद लावली नाहीं. परवां मी त्या बाजूनें गेलों तेव्हां शेजारी त्याच्या बांधावर उभा होता. एका झाडाचें खालचें पान पिवळें दिसत होतें, तें तो बंधूस दाखवीत होता. बंधूनें वांकून बुडाशीं हात लावला व झाड हलवून पाहिलें. खोड टणक होतें. भाद्रपद अद्याप यावयाचा आहे.